तांबड्या डॅनची डोलीना

लॉकी मॅकएकर्नच्या आयुष्यातून शिकण्यासारख्या दहा गोष्टी. असं त्या कागदावर वरच मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. सेडीनं तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, परत एकदा वाचला, आणि मग चुलीचं झाकण उचलून आत घातला. बर्नी समोरच बसला होता. हातात चहाचा कप, तोंडात ओटचं बिस्कीट. त्याला ते चावताही येईना आणि गिळताही येईना.

"अगं सेडी, तो एकच होता माझ्याजवळ," बर्नी म्हणाला.

"बरं झालं."

बर्नीबरोबर हॅलिफॅक्सहून एक प्रेस्कॉट नावाचे गृहस्थ आले होते. मोठमोठ्या माणसांच्या आयुष्यावर गावोगाव बोलतात, तोच त्यांचा धंदा. ते हसून म्हणाले, "काही हरकत नाही बाई, माझ्या गाडीत अजून दोनशे आहेत."

"तेही आणा," सेडी म्हणाली. "चूल थंड पडलीय सकाळपासून."

हे जूनमधलं. डोलीनाला, म्हणजे आमच्या डॉलीला, मातीत ठेवून सहा आठवडे झाले होते. सेडी तिची धाकटी बहीण. सेडीचा नवरा गेल्यापासून दोघी त्याच घरात, त्याच चुलीपाशी. आता एकटी सेडी उरली आणि बाहेरच्या खोलीत डॉलीचा पियानो उरला. बर्नी आला होता तो पियानो मागायला. बर्नी हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष. जुलैत गावच्या हॉलला लॉकीचं, आमच्या जगप्रसिद्ध वादकाचं, नाव द्यायचं होतं, मोठा कार्यक्रम, बॉस्टनहून माणसं येणार, टीव्हीवाले येणार. आणि त्यांना पियानो हवा होता, कारण त्याच्याशिवाय सगळ्यांची पंचाईत झाली होती. ती कशी झाली ते सांगते, पण त्याला डॉली कोण होती ते आधी सांगायला हवं. कारण ते कुणी सांगतच नाही. त्या कागदावर दहा गोष्टी होत्या आणि एकीतही ती नव्हती.

आमच्या ग्लेन आर्डलमध्ये नावांचा तुटवडा. केप ब्रेटन बेटाच्या या बाजूला शंभर घरांत मिळून दहा-बारा नावं, तीच फिरवून फिरवून वापरायची. म्हणून माणसाचं नाव नुसतं सांगून चालत नाही, तो कुणाचा ते सांगावं लागतं. जॉनी लोहाराचा लॉकी. तांबड्या डॅनची सेडी. डॅनचे केस तांबडे होते, पोरींचे नव्हते, पण चिकटलं ते चिकटलं. डोलीना त्याची थोरली.

तिला पियानो कुणी शिकवला नाही. तिची आई हॉल झाडायला-पुसायला जायची, ही बरोबर. आई फरशी घासेपर्यंत ही पियानोवर. तो पियानो म्हणजे काय होता! डाव्या अंगाला हॉल तापवायची भट्टी आणि उजव्या अंगाला ओल आलेली भिंत. एकीकडून भाजलेला, एकीकडून भिजलेला. तीन पट्ट्या मुक्या, दाबल्या तरी आवाज नाही. आणि सगळा पियानो अर्धा सूर खाली उतरलेला. आमच्या इकडच्या सिडनी शहरातून सूर लावणारा माणूस एकदा आला होता, त्यानं आतलं लाकूड बघितलं आणि म्हणाला, खुंट्या पिळल्या तर फुटेल हे, असाच राहू द्या. मग तसाच राहिला. मुक्या पट्ट्या कुठं आहेत ते डॉलीच्या बोटांना पाठ झालं आणि ती त्यांच्यावरून अशी उडी मारून जायची की ऐकणाऱ्याला वाटावं, चाल अशीच आहे.

ती सतराची असताना लॉकी तिला भेटला. तो चोवीसचा. फिडल वाजवायचा. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण आमच्याकडे व्हायोलिन म्हणालात तर लोक हसतील. लॉकीच्या हातात जादू होती, ते खोटं नाही. ते सेडीही नाकारत नाही. त्यानं पहिली गत वाजवली की म्हाताऱ्या बायकाही खुर्चीतून उठायच्या. पण नाचाला नुसतं फिडल पुरत नाही. खाली कुणीतरी ताल धरायला लागतो, आणि तो पियानोवाल्याकडे. आणि आता नीट ऐका. पियानो काही फिडलच्या सुराला लावता येत नाही, एका संध्याकाळात तर नाहीच. फिडल पियानोला लावायचं असतं. म्हणून लॉकी यायचा, कान पुढं करायचा, म्हणायचा, "डॉली, सूर दे." डॉली पट्टी दाबायची आणि तो खुंट्या ढिल्या करत करत अर्धा सूर खाली यायचा. तारा ढिल्या, आवाज जाड, खोल, जुन्या माणसाच्या गळ्यासारखा. तोच आवाज पुढं जगभर गाजला.

कागदावर पहिलीच गोष्ट ही होती: जगाच्या सुरात सूर मिसळू नका, लॉकीसारखा स्वतःचा सूर शोधा.

"स्वतःचा सूर!" सेडी बर्नीला म्हणाली. "भट्टीपाशी ठेवलेल्या पियानोचा सूर होता तो. तुझ्याच बापानं तिथं ठेवला होता, जड लागला म्हणून."

"ते खरंय," बर्नी म्हणाला.

"मग ते छाप की."

प्रेस्कॉट म्हणाले, "बाई, लोकांना प्रेरणा हवी असते. भट्टीतून कुणाला प्रेरणा मिळणार?"

"मला मिळतेय आत्ता," सेडी म्हणाली आणि चुलीत अजून एक लाकूड घातलं.

बेचाळीस वर्षं डॉलीनं लॉकीला साथ दिली. आठवडाभर मासळीच्या कारखान्यात, शनिवारी हॉलमध्ये. आधी कॉड मासे साफ करायची, मग कॉड संपले आणि खेकडे आले. बर्फाच्या पाण्यात हात घालून आठ-आठ तास. बोटं सुजून लाल व्हायची. शनिवारी संध्याकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून हात बुडवून बसायची, वळायला लागले की कोट घालून निघायची. कागदावर लिहिलं होतं की लॉकीनं एकदा पाच तास न थांबता वाजवलं, बोटातून रक्त आलं तरी थांबला नाही, तेव्हा तुम्हीही थांबू नका. वाजवलं, खरंच वाजवलं. मग पियानो काय आपोआप वाजत होता? तेच पाच तास वाजवून डॉली सकाळी सहाच्या पाळीला उभी होती, आणि लॉकी दुपारी उठला.

वक्तशीरपणा पाळा, असंही होतं त्यात. यावर सेडी इतकी मोठ्यानं हसली की प्रेस्कॉट दचकले. लॉकी आणि वेळ! नाचाचे सेट उभे राहायचे, आठ-आठ जण, बायका नवे जोडे घालून, आणि लॉकीचा पत्ता नाही. मग डॉली एकटीच सुरू करायची. फिडल नसताना अर्धा-पाऊण तास नुसत्या पियानोवर लोकांना नाचवत ठेवायची. मागच्या दारानं लॉकी आला की त्याच्या पायाचा ठेका बघून चाल बदलायची, आणि लोक टाळ्या वाजवायचे लॉकीला.

दोन हिवाळे तो दारूनं पार कामातून गेला होता. फिडल कपाटाखाली. तेव्हा कोण गेलं त्याच्याकडे? बर्नी गेला? कमिटी गेली? डॉली जायची, रोज पाळी संपल्यावर, पाऊण मैल बर्फातून, बटाट्याचं कालवण घेऊन. एकदा तो पिऊन हॉलमध्ये आला तेव्हा तिनं पियानोचं झाकण खाली घेतलं आणि त्याच्यावर कोपर टेकून बसली. दोनशे माणसं उभी. लॉकी म्हणाला, "वाजव." ही म्हणाली, "घरी जा, लॉकी." तो गेला. त्यानंतर वसंतापर्यंत एक थेंब नाही. कागदावर याचं एका ओळीत आटपलं होतं: लॉकीनं व्यसनावर स्वतःच्या इच्छाशक्तीनं मात केली.

मग रेकॉर्ड निघाली. हॉलमध्येच केली, त्याच पियानोबरोबर. कव्हरवर लॉकीचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात, पियानोच्या साथीसह. पियानोच्या! जशी काही त्याला आपली आपणच साथ द्यायची सवय होती. सेडी तेव्हा चिडली होती. डॉली म्हणाली, "अगं, नाव घेऊन मी काय करू? सेट चालू राहिला म्हणजे झालं." या वाक्यावर सेडीचा राग अजून आहे. मेलेल्या बहिणीवर राग धरायचा नसतो म्हणतात, पण सेडी धरते. तू बोलली का नाहीस, असं ती रिकाम्या खोलीत विचारते अजून.

आणि गाव काय करत होतं? गाव तिला लॉकीची डॉली म्हणायला लागलं. विशीत ती तांबड्या डॅनची डोलीना होती, तिशीत लॉकीची डॉली झाली. लॉकीशी तिचं काही नव्हतं. त्याचं लग्न बॉस्टनच्या एका नर्सशी झालं, दोन वर्षं टिकलं. पण नाव हिला चिकटलं. रॉनी म्हणून पलीकडच्या खाडीवरचा एक होता, भला माणूस, दोन वर्षं नाचाला यायचा आणि कुणाशीच नाचायचा नाही, पियानोकडे बघत उभा राहायचा. त्यानं एकदा कुणाला तरी विचारलं, ती कोण? तो म्हणाला, ती लॉकीची डॉली. रॉनी ओंटारिओला खाणीत निघून गेला. हे डॉलीला बारा वर्षांनी कळलं. तेव्हाही ती हसली. सेडी हसली नाही.

हॉलला नवा पियानो आला तेव्हा जुना कचऱ्यात जाणार होता. डॉलीनं तो गवताच्या गाडीवर घालून घरी आणला. लॉकी मग तिच्या घरी येऊन बसायचा सरावाला, कारण दुसऱ्या कुठल्याच पियानोला त्याचं मन लागेना. शेवटी शेवटी डॉलीची छाती भरून यायला लागली. खेकडे उकळतात त्या वाफेनं होतं तसं, कारखान्यातल्या कितीक बायकांना झालंय. नाकाला ऑक्सिजनची नळी लावूनच फिरायची. गेल्या ऑक्टोबरात लॉकी गेला तेव्हा ती नळी काढून ठेवून चर्चमध्ये चाळीस मिनिटं वाजवत होती. ओठ निळे झाले होते. एप्रिलमध्ये तीही गेली.

आता तिची मयत. हे सांगताना सेडीचा आवाज अजून बदलतो.

आमच्याकडे वाजवणारं माणूस गेलं की पंचक्रोशीतले फिडलवाले येतात आणि शवपेटी चर्चबाहेर नेताना वाजवतात. डॉलीला चौदा जण आले. खाडीत अजून बर्फ होतं, घोट्यापर्यंत चिखल, तरी आले. ते नाकारायचं नाही. प्रार्थना संपली. चौदा जण उठून पुढं उभे राहिले. सगळ्यात वडीलधारा हेक्टर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्यानं फिडल हनुवटीखाली धरलं, मान डावीकडे वळवली आणि न बघताच म्हणाला, "डॉली, सूर दे."

चाळीस वर्षांची सवय. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्यांनी एकदमच पियानोकडे बघितलं आणि तिथं कुणीच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं कुणाला. चाळीस वर्षांत गावात कुणाचीही मयत झाली तरी पियानोवर डॉली असायचीच, तिला बोलवावं लागत नसे. फुलं कुणी आणायची ते ठरलं होतं, सँडविचं कुणी करायची ते ठरलं होतं. हे ठरवायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बर्नी वाकून सेडीच्या कानात म्हणाला, "मला वाटलं तू सांगितलं असशील कुणाला तरी."

सेडीनं त्याच्याकडे बघितलं. बोलली असती तर चर्चमध्ये बोलू नये असं बोलली असती.

चौदा जणांनी चौदा गाड्यांमध्ये थंडीत आपापली फिडलं लावलेली. एक वर, एक खाली. त्यांनी तसंच वाजवलं. कुत्र्यांची भांडणं लागावीत तसं ऐकू येत होतं. त्या आवाजात डॉली दारातून बाहेर गेली. जन्मभर ज्या बाईनं सगळ्यांना सूर दिला, तिला कुणी सूर दिला नाही.

आणि आता बर्नी पियानो मागायला आला होता. कारण काय, तर लॉकीच्या कौतुकानं आजकाल सगळे फिडलवाले अर्धा सूर खाली लावतात. लॉकीचा सूर म्हणतात त्याला. शिकवण्या चालतात त्याच्या. आणि हॉलमधला नवा पियानो तर बरोबर सुरात. दोघं एकत्र वाजले की दात आंबतात. फिडल वर चढवायला कुणी तयार नाही, लॉकीचा अपमान होतो म्हणे. मग अर्धा सूर खाली असलेला पियानो सबंध तालुक्यात एकच.

सेडीनं त्या दिवशी दोघांना वाटेला लावलं. जाता जाता प्रेस्कॉटांनी गाडीतून आणखी एक कागद आणून टेबलावर ठेवलाच. त्याच्या मागच्या बाजूला फोटो होता, सेडीनं तो आधी बघितला नव्हता. लॉकी डोळे मिटून वाजवतोय. कडेला फोटो कापलेला. कापलेल्या कडेवर एक निळं कोपर. ते स्वेटर सेडीनं विणलेलं होतं. आणि त्या कोपराच्या खाली दहावी गोष्ट इथंही परत छापलेली: मोठं व्हायचं असेल तर एकटं चालायला शिका.

तो कागद तिनं जाळला नाही. घडी करून बायबलच्या वर ठेवला, रोज सकाळी दिसावा म्हणून.

आठवड्यानं हेक्टर आला. चर्चमध्ये जे बोलला त्याची त्याला लाज वाटत होती, टोपी हातात घेऊन दारातच उभा. "सेडी, मी माफी मागायला आलोय. आणि पियानोचंही बोलायला आलोय. दोन्ही एकदम बोलतोय म्हणून आणखी लाज वाटतेय."

"बस," सेडी म्हणाली. "तुझ्यावर राग नाही माझा. तू निदान तिला हाक तरी मारलीस."

हेक्टरनं चहा ढवळला. मग म्हणाला, "त्या पियानोत डॉलीचा हात आहे गं. माणसांनी ऐकला पाहिजे. इथं तुझ्या खोलीत कोण ऐकणार?"

हे सेडीला लागलं. तिला पियानो धरून बसायची हौस नव्हती. तिला एकच हवं होतं. लॉकीच्या कार्यक्रमात, सगळ्यांच्या देखत, डोलीनाचं नाव कुणीतरी मोठ्यानं घ्यावं. आणि ते मिळवायला तिच्या हातात पियानोशिवाय दुसरं काही नव्हतं. तिनं बर्नीला बोलावून सांगितलं, "ने पियानो. पण तिचं नाव त्याच्यावर हवं. बारीक अक्षरात नाही."

"घालतो की," बर्नी म्हणाला. "पितळी पाटी करतो. सिडनीहून कोरून आणतो. माझा शब्द."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आठ जण आले, गवताची गाडी घेऊन. पियानो दारातून निघेना. आणताना कसा आणला होता देव जाणे. दाराची चौकट काढली. मग ओसरीचा कठडा काढला. "डावीकडे!" "कुणाच्या डावीकडे, मूर्खा?" "माझा पाय! माझा पाय!" "तुझा पाय सरकारचा आहे का, उचल तो!" असं करत करत तासाभरानं पियानो रस्त्यापर्यंत आला. आठही जण घामाघूम. बर्नीनं अभिमानानं पिशवीतून पाटी काढली, रुमालानं पुसली आणि सेडीच्या हातात दिली.

चांगली जड पाटी होती. अक्षरं मोठी. लॉकीचा पियानो, असं वर. खाली, याच पियानोवर लॉकी मॅकएकर्न यांचा जगप्रसिद्ध सूर घडला. आणि त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, साथ: लॉकीची डॉली.

सेडी रस्त्यात उभी राहून ते बघत राहिली.

"अक्षरं मोठी आहेत ना?" बर्नी म्हणाला. "मी मुद्दाम सांगितलं त्याला."

"बर्नी, हे काय लिहिलंय?"

"नाव. तिचं नाव. तूच म्हणालीस घाल म्हणून."

"हे तिचं नाव आहे?"

बर्नीला खरंच कळेना. त्यानं इतरांकडे बघितलं. इतरांनाही कळेना. "लॉकीची डॉली," तो म्हणाला. "सगळे तेच म्हणायचे की. नुसतं डोलीना लिहिलं तर कुणाला कळणार कोण ते?"

सेडीचा तोल गेला तो इथं. इतके दिवस ती टोमणे मारत होती, आता ती ओरडली, आणि ते पलीकडच्या टेकडीवर गवत कापणाऱ्यांनीही ऐकलं. "ती कुणाचीही नव्हती! आणि असलीच तर माझ्या बापाची होती! वऱ्हाड्यांसारखे बेचाळीस वर्षं नाचलात तिच्या तालावर, तुझं लग्न तिनं वाजवलं, तुझ्या आईची मयत तिनं वाजवली, आणि तुला तिच्या बापाचं नाव आठवत नाही? मेल्यावरही तिला त्याच्याच पदराला बांधता? उचला! उचला तो पियानो!"

"कुठं उचलू?"

"आत! जिथून आणलात तिथं!"

"सेडी, अगं, आठ जण दमलेत—"

"मग दमा अजून!"

हेक्टरचा मुलगा सगळ्यात आधी वाकला आणि त्यानं आपली बाजू धरली. मग एकेक करून बाकीचे. जाताना जितका आरडाओरडा होता तितकी येताना शांतता. बाहेरच्या खोलीपर्यंत न्यायचं कुणाच्या अंगात राहिलं नव्हतं. स्वयंपाकघरातच, चुलीसमोर, ठेवला. सेडीनं पाटी बर्नीच्या हातात परत दिली. "जॉनी लोहाराच्या लॉकीवर ठोक ही. हॉलवर आहेच त्याचं नाव, अजून एक."

सेडी कार्यक्रमाला जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली. घरात बसून राग निवत नाही, आणि तिला तो निवायला नकोही होता. काळा पोशाख घालून शेवटच्या रांगेत बसली. हॉल गच्च. बॉस्टनची माणसं, टीव्हीचा कॅमेरा. पुढं नवा पियानो, त्याच्यावर शेजारच्या गावातली एक बाई, बिचारी घाबरलेली.

प्रेस्कॉट बोलायला उठले. पहिली गोष्ट, स्वतःचा सूर शोधा. ते अर्धा सूर खाली उतरवण्याबद्दल सांगत होते आणि त्यांच्या मागं चौदा जण खुंट्या पिळून फिडलं वर चढवत होते, कारण दुसरा इलाजच राहिला नव्हता. एकाची तार ताडकन तुटली. लोक हसले. प्रेस्कॉटांना वाटलं, आपल्या विनोदाला हसले. पुढं जोरात बोलायला लागले.

दहावी गोष्ट संपली. टाळ्या झाल्या. मग बर्नी माइकपाशी आला. हातात कागद होता, कार्यक्रमाचा. त्यानं तो वाचायला सुरुवात केली, आभार, पाहुणे, चहाची सोय, आणि मध्येच थांबला. त्याला सेडी दिसली असावी. रात्रभर झोपला नव्हता म्हणे. त्यानं कागद खिशात घातला. मान खाली. माइकवर त्याचा श्वासच आधी ऐकू आला.

"लॉकीबरोबर पियानोवर," तो म्हणाला, "डोलीना होती. तांबड्या डॅनची डोलीना." मग पुढं म्हणाला, "मी पाटी चुकवली. तिच्या मयतीला आम्ही पियानोवर कुणाला बसवलं नाही, तेही चुकलं. आमच्या लक्षातच आलं नाही. एवढंच."

बॉस्टनची माणसं एकमेकांकडे बघत होती, कोण डोलीना? आमच्या माणसांनी मात्र माना खाली घातल्या होत्या.

मागून सेडी बसल्या जागेवरून म्हणाली, "बेचाळीस वर्षं."

"बेचाळीस वर्षं," बर्नी माइकवर म्हणाला.

मग वादन सुरू झालं, बरोबर सुरात. चांगलं वाजवलं. लॉकीसारखं काही वाटलं नाही, आणि कसं वाटणार? सेडी दुसऱ्या गतीला उठून निघाली. चहाला थांबली नाही.

सोमवारी बर्नी आला, चौकट बसवायची हत्यारं घेऊन. मुकाट्यानं चौकट बसवली, कठडा बसवला, खिळे ठोकले. सेडी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. काम झाल्यावर तो दारात उभा राहिला, हात पुसत.

"सेडी, आता नाव घेतलं ना मी. सगळ्यांसमोर घेतलं. टीव्हीवर पण आलं. आता तरी देशील का पियानो? पाटी नवी करतो, तू सांगशील तशी."

सेडीनं सुरी खाली ठेवली. तिच्या मनात आलं, याला बरं बोलावं, लाजला बिचारा चारचौघांत, चौकटही नीट बसवलीय. आणि त्याच क्षणी तिला ते रिकामं स्टूल दिसलं, चर्चमधलं, आणि चौदा जण मान वळवून बघताना.

"नाव घेतलंस ते घ्यायलाच हवं होतं," ती म्हणाली. "त्याचं बक्षीस मागू नकोस. पियानो मिळणार नाही."

"कधीच?"

"कुणाला वाजवायचा असेल तर इथं यावं. चुलीपाशी बसावं. आधी सांगावं कुणाच्या पियानोवर बसतोय ते, आणि मग वाजवावं. दार उघडंच असतं."

बर्नीनं मान हलवली, हत्यारांची पेटी उचलली आणि गेला. सेडीनं पुढचा बटाटा उचलला. साल जाड निघत होती.